मुठीला अडकवलेला पाव

बाबा रविवारी फोन करतात.
तिकडे इस्तंबूलला रात्र, इकडे माझी पाळी संपत आलेली.
आधी हवा, मग गुडघे, मग तोच प्रश्न:
“तुझ्या इमारतीत तळघरात कोण राहतं?”

कोणी नाही, बाबा. कपडे धुवायची यंत्रं आहेत,
सायकली, आणि कुणाचा तरी गुंडाळलेला गालिचा.
“मग तू?”
मी क्वीन्सला. दोन गाड्या बदलून.
ते गप्प होतात.
एवढी मोठी इमारत, आणि दारवान रात्री घरी जातो,
हे त्यांना अजून पटलेलं नाही.

कुर्तुलुशच्या तळघरात आम्ही पाच जण.
खिडकी छताला टेकलेली, तिच्यातून नुसते पाय दिसायचे.
मी शेजाऱ्यांना बुटांवरून ओळखायचो,
चेहरे नंतर आले.
बाबा पहाटे भट्टीवरून पाव आणायचे.
एकवीस बिऱ्हाडं, चौतीस पाव,
कुणाला करपट हवा, कुणाला मऊ.
पिशवी दाराच्या मुठीला अडकवायची, वर वर्तमानपत्र,
बेल वाजवायची नाही.
संध्याकाळी कचरा. हिवाळ्यात कोळसा.
सगळ्या घरांच्या किल्ल्या एका कड्यात, कमरेला,
पण लिफ्टने जायचं नाही.
तसं कुणी सांगितलं नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावरची फरशी आई पुसायची.
त्याच फरशीवर एकदा मी, कुणाच्या तरी वाढदिवसाला,
केक सांडू नये म्हणून श्वास धरून बसलो होतो.

इथे मला टोपी आहे. पितळी बटणं, नऊ.
पांढरे हातमोजे, युनियनचं कार्ड, दातांचा विमा.
डिसेंबरात पाकिटं मिळतात, आत नोटा,
वर माझं नाव, तीन तऱ्हांनी चुकवलेलं.
दार इतकं हलकं की शाळकरी पोर एका बोटाने लोटेल.
तरी ते थांबतात, मी उघडतो,
हवेबद्दल एक वाक्य, की गेले.
वर जायची मुभा नाही. फोन करायचा:
“आपल्याकडे कोणी आलंय.”
कुणाच्या भिंतींचा रंग कोणता, मला ठाऊक नाही.
कोण कुणाकडे मध्यरात्री येतं, ते ठाऊक आहे.
(रात्रपाळीचा आउरेलियो ब्वेनोस आयरेसचा. म्हणतो,
आमच्याकडे दारवान सकाळी फुटपाथ धुतो,
पाणी वाहत राहतं, बातम्या गोळा होत राहतात.)

एकदा बाबांनी विचारलं, “पाव किती वाटतोस?”
एकही नाही.
“मग कोण वारलं ते कसं कळतं?”

त्यांना कळायचं.
मादाम वेर्जिनची पिशवी दुपारपर्यंत मुठीला तशीच होती.
बाबांनी कड्यातली किल्ली शोधली,
बूट काढले, आत गेले.
तो पाव आम्ही रात्री खाल्ला की नाही, आठवत नाही.
आठवतं. खाल्ला.

नवव्या मजल्यावरच्या मिस्टर लिंडक्विस्टची तीन खोकी
मंगळवारपासून माझ्या टेबलामागे होती.
फोन वाजत राहिला. नियम असा, की मॅनेजरला कळवा.
मॅनेजरही फोन उचलेना.
मी टोपी टेबलावर ठेवली आणि वर गेलो.
जिन्याने. का, ते विचारू नका.

दार ठोठावलं. पुन्हा. मग मुठीने, जोरात.
उघडलं. चुरगळलेला पायजमा,
कानातल्या यंत्राची बॅटरी संपलेली.
टोपीशिवाय मला ओळखेनात,
मग ओळखलं, आणि ओरडलेच:
“तू इथे? मग दारावर कोण आहे?”

खाली आलो तर काचेपलीकडे
बाराव्या मजल्यावरच्या मिसेस कॅपलोवित्झ उभ्या.
किती वेळ, देव जाणे.
दाराला कुलूप नव्हतं.
हातात काही नव्हतं त्यांच्या.

मी टोपी घातली, दार उघडलं.
“गारठा वाढलाय,” त्या म्हणाल्या.
हो, म्हटलं. वाढलाय.